तो मोड, ती मोड

‘मोड आली का?’ असं विचारलं तर दुकानदार गल्ल्यात डोकावतो आणि ‘मोड आले का?’ असं विचारलं तर घरातलं माणूस ओट्यावरच्या फडक्याकडे बघतं. फरक एका वेलांटीचा नि एका मात्रेचा. पण तेवढ्यावर सगळं व्याकरण आणि बराचसा प्रपंच उभा आहे. मराठीत ‘ती मोड’ आणि ‘तो मोड’ असे दोन शब्द शेजारी राहतात. दिसायला अगदी एक. बाईमाणूस कोण आणि बाप्या कोण हे क्रियापद आल्यावरच कळतं.

आधी ‘ती’चं बघू. पाचशेच्या नोटेची ती मोड. एसटीचा कंडक्टर सकाळच्या पहिल्या फेरीला तिच्यासाठी कासावीस असतो, आणि ती नसली की तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून देतो. जुन्या दागिन्याचीही मोडच होते. सराफाच्या पेढीवर ‘मोड आणलीय का?’ हा प्रश्न इतक्या सहज येतो की, समोर ठेवलेल्या पाटल्या कुणाच्या हातात किती वर्षं होत्या याच्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. भांड्यांच्या दुकानात फुटकी घागर, पिचलेला तांब्या, बूड गेलेलं पातेलं काट्यावर एकत्र पडतं आणि तांब्या-पितळेची मोड म्हणून तोललं जातं. वजनातून आकार वजा झाला की उरते ती मोड. माझ्या आत्यानं तिच्या गोठाची मोड करून मुलाची कॉलेजची फी भरली. ती कधी ‘गोठ विकला’ असं म्हणाली नाही. विकणं म्हणजे परक्याला देऊन टाकणं, मोडणं म्हणजे घरातल्याच गोष्टीचं घरासाठी दुसरं काहीतरी करणं, हा भेद तिच्या बोलण्यात पक्का होता. नव्या साडीचंही तसंच. घडी मोडायची ती मायेच्या माणसाकडून. ‘आधी तू घडी मोड’ असं नणंदेनं भावजयीला म्हणणं हा मान असतो. तेव्हा ‘ती मोड’ म्हणजे नुसता नाश, असं समजायचं कारण नाही.

‘तो मोड’ मात्र कुणी करत नाही. तो येतो. आपण आणतो असं म्हणतो खरं, ‘मटकीला मोड आणले’. पण त्या आणण्यात आपलं काम थोडंच: भिजवायचं, उपसायचं, बांधायचं आणि मग हात लावायचा नाही. आई रात्री मटकी निवडून कोमट पाण्यात टाकायची. सकाळी दाणे फुगून दुप्पट झालेले असत आणि पातेल्यातलं पाणी मळकट तपकिरी. ते पाणी काढून टाकून मटकी जुन्या धोतराच्या धुवट फडक्यात घट्ट बांधायची, चाळणीत ठेवायची आणि वर पाटा नाहीतर वरवंटा. सैल बांधलं तर मोड लांब पण रोड येतात, दाबून बांधलं तर आखूड आणि भरीव, हे तिचं म्हणणं. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत गाठोड्याला हात लावला तर आतून ऊब लागे. दाणे श्वास घेत असतात, त्यांची ती ऊब. थंडीत मात्र तेच गाठोडं डब्यात घालून तांदळाच्या पोत्यात खुपसून ठेवावं लागे. फडकं उघडलं की मोड कापडातून आरपार गेलेले दिसत आणि ते ओढून काढताना तुटू नयेत म्हणून आई फडकं उलटं करून हलक्या हातानं झटकायची. कापडात अडकून राहिलेली ती पांढरी टोकं धुतानाही निघत नसत.

आणि तळाशी दोन-चार दाणे जसेच्या तसे. रात्रभर पाण्यात राहून कोरडे, बांधून ठेवले तरी टणक. आमच्या घरी त्यांना गणंग म्हणत. उसळीत एखादा राहिला तर दाताखाली यायचा आणि जेवणारा आईकडे बघायचा. म्हणून मोड आल्यावर मटकी पुन्हा निवडायची आणि गणंग वेचून टाकायचे. हाच शब्द माणसालाही लागे. शिकवून शिकत नाही, सांगून ऐकत नाही, कशानं भिजत नाही, तो गणंग. मामाच्या मते मी त्या वर्गात बसत होतो.

ज्या मटकीवर मिसळीचा एवढा अभिमान उभा आहे, ती मुख्यत्वे पिकते राजस्थानात, वाळूत, तुटपुंज्या पावसावर. तिथे तिला मोठ म्हणतात. तिचीच डाळ दळून बिकानेरी भुजिया करतात. एकच दाणा, बिकानेरनं तो दळला, आपण तो भिजवला. दोन्ही मुलखांत पाण्याची चणचण असताना आपण मोडांचा नाद कुठून लावून घेतला कोण जाणे, पण लावून घेतला तो अगदी मनापासून. मटकी झाली, मूग झाले, हुलगे झाले. कोकणात कडवे वाल भिजवून, मोड आणून, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि त्याचं बिरडं करायचं. एवढ्या खटपटीनंतर ते वाटीभरच होतं, म्हणून ते पाहुण्याला वाढलं की पाहुण्यानं आपली पायरी ओळखावी. नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, दळून तिचं सत्त्व बाळाला द्यायचं. मोड येताना दाण्यातली पाचकं पिठूळ भाग फोडू लागतात, त्यामुळे त्या पिठाची खीर पातळ राहते आणि कमी पाण्यात जास्त पीठ बाळाच्या पोटात जातं. हे कारण पुढे पोषणशास्त्रानं सांगितलं. खीर घोटणाऱ्या हाताला ती पातळ राहते एवढं माहीत होतं, आणि ते पुरेसं होतं.

कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नावालाही नसतं. पाणी मिळून मोड फुटला की ते तयार होतं. ही एवढीशी गोष्ट किती महाग पडू शकते हे पहिल्या महायुद्धात दिसलं. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियातल्या कुत या गावी तुर्की सैन्यानं वेढा घातला तो सहाव्या पुणे डिव्हिजनला. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताज्या भाजीचं नाव नाही, घोड्याचं मांस खायला बरेच हिंदी शिपाई तयार नाहीत. त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या. 1919 मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ या दोघींनी वाटाण्या-मसुरांवर प्रयोग करून प्रसिद्ध केलं, की कोरडं कडधान्य स्कर्व्ही रोखू शकत नाही, मोड आलेलं रोखतं. ज्यांच्या घरच्या चुलीवर हुलग्यांची उसळ शिजत होती त्यांच्यापर्यंत ही गोष्ट शास्त्र म्हणून पोचायला तीन वर्षं उशीर झाला होता. घरात जे हाताला कळत होतं ते शिधावाटपाच्या वहीत कुणी लिहिलेलं नव्हतं.

भाषेनं मोडाला कामाला लावलं आणि मान मात्र दुसऱ्याला दिला. मुलाचं नाव अंकुर ठेवतात, मोड ठेवत नाहीत. बालवाडीला अंकुर, दिवाळी अंकाला अंकुर, प्रेमाचाही अंकुरच. ‘त्यांच्या मनात प्रेमाचे मोड आले’ असं लिहिलं तर वाचक हसून पुढचं पान उलटेल. संस्कृतातून आलेला शब्द ओसरीवर बसतो, देशी शब्द माजघरात राबतो, हे मराठीत नेहमीचंच. पण राबणाऱ्यांची आपापसात कामाची वाटणी मात्र काटेकोर आहे. कडधान्याला मोड येतात. आल्याला, हळदीला, कांद्याला, बटाट्याला, बांबूला कोंब येतो. उसाच्या टिपरीवर डोळा असतो, तो उगवतो, आणि मग बुडख्यातून जे निघतात ते फुटवे. गव्हा-भाताचेही फुटवेच मोजतात. तोडलेल्या झाडाच्या खोडातून जो निघतो तो धुमारा. त्यात एक जोर आहे, कुणाला न जुमानता वर येण्याचा. आंब्याला पालवी फुटते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. शेतकऱ्याला ‘उसाला मोड आले का?’ असं विचारलं तर तो ओळखतो, की पाहुणा शहरातला आहे.

नवरात्रात मात्र मोडाला देव्हाऱ्यापर्यंत प्रवेश मिळतो. घटस्थापनेला परडीत नाहीतर पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरायची, तीत गहू, ज्वारी, करडई, हरभरा असं जे घरात असेल ते पेरायचं, मधे पाण्यानं भरलेला घट. मातीच्या घटातून पाझरणाऱ्या पाण्यावर धान उगवतं. देवघरात ऊन नसतं, त्यामुळे ते हिरवं न होता फिकट पिवळं आणि लांबच लांब होतं. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे ही उजेडासाठी चाललेली धडपड, घरच्यांच्या लेखी देवीचा कौल. कोणतं धान जोमदार आलं ते म्हातारी माणसं वाकून बघतात आणि रब्बीत काय साधेल याचा अंदाज बांधतात. दसऱ्याला ते तुरे उपटून टोपीत, फेट्यात खोवायचे आणि सीमोल्लंघनाला निघायचं. श्रद्धा बाजूला ठेवली तरी त्यात एक शेतकी शहाणपण आहे: पेरणीच्या तोंडावर घरचं बियाणं उगवतं की नाही याची परीक्षा आपोआप होऊन जाते.

घट बसतात त्याच दिवसांत मराठवाड्यात सोयाबीन काढणीला आलेलं असतं. माझा मामा लातूरकडचा. त्याचा एके वर्षी दसऱ्यानंतर फोन आला. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. शेतात उभ्या झाडाच्या शेंगा भिजून फुगल्या होत्या आणि शेंगेची शिवण फोडून आतून पांढरे मोड बाहेर आले होते. कापून रचलेल्या गंजीचं तर बोलायलाच नको. ‘तुमच्या मटकीला फडक्यात बांधावं लागतं,’ मामा म्हणाला, ‘आमच्या सोयाबीनला काहीच करावं लागलं नाही बघ.’ मी गावी गेलो तेव्हा त्यानं एक झाड उपटून हातात दिलं. खालच्या शेंगांमधले दाणे जणू वाटीतले मोड. तेच ओलसर पांढरं टोक, तोच किंचित कडवट हिरवा वास. स्वयंपाकघरात ज्यावर आईनं समाधानानं मान हलवली असती, त्याच गोष्टीकडे मामा बघत नव्हता. मोड आलेला दाणा आडत्याच्या चाळणीत वेगळा निघतो आणि भाव पडतो. आतला साठा मोडानं खाल्लेला असतो, वाळवला तरी तो दाणा पोकळ आणि काळपट राहतो.

2019 च्या परतीच्या पावसानं राज्यात ठिकठिकाणी हेच केलं. ज्वारी-बाजरीच्या कणसांवर, सोयाबीनच्या शेंगांवर मोड. आणि त्या कथेचा पुढचा भाग 2020 च्या जूनमध्ये आला. पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारींचा मराठवाडा-विदर्भात ढीग पडला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. कारणं अनेक होती. पण एक साधं कारण मागच्या ऑक्टोबरात भिजत पडलं होतं: काढणीच्या वेळी ओल खाल्लेल्या बियाण्याचा जीव अर्धा तिथेच गेलेला असतो. सोयाबीनचं टरफल पातळ, आतला गर्भ नाजूक. नको तेव्हा मोड आले आणि हवे तेव्हा आलेच नाहीत. म्हणून कृषी खातं दर मे महिन्यात सांगतं, पेरण्याआधी घरच्या बियाण्याची उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्यानं उघडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीच्या मापानं पेरा, कमी आले तर बियाणं वाढवा, फारच कमी आले तर तेलाच्या घाण्याला द्या. मामा ही मोजदाद ओसरीवर बसून करतो, आणि शंभराचे मोड मोजताना त्याचा चेहरा शंभराची मोड मोजणाऱ्या दुकानदारासारखाच दिसतो.

काढणीआधीच शेंगेत मोड का येतात याचा मागोवा घेत गेलं की गोष्ट आपल्यापर्यंत येऊन थांबते. रानातल्या बहुतेक बिया पिकल्या पिकल्या रुजत नाहीत. त्या झोपतात. कुणाचं कवच पाणीच आत घेत नाही, कुणाच्या आत उगवण रोखणारी रसायनं असतात. पाऊस पडला तरी त्या फसत नाहीत. काही या वर्षी रुजतात, काही पुढच्या, काही त्याच्याही पुढच्या. एक पावसाळा दगा देऊन गेला तरी वंश बुडत नाही. माणूस शेती करू लागला तेव्हा त्याला ही झोप अडचणीची वाटली. त्याला पेरलेलं सगळं एकदम उगवायला हवं होतं. लवकर नि एकसाथ उगवलं त्याचंच पीक हाती आलं, त्याचंच बी पुढच्या साली पेरलं गेलं. असं पिढ्यान् पिढ्या होत गेलं आणि बियांची झोप उडाली. भुईमुगात हा फरक अजून डोळ्यांना दिसतो. पसऱ्या जातीच्या शेंगा काढणीला उशीर झाला, पाऊस आला, तरी जमिनीत काही आठवडे शांत पडून राहतात. लवकर येणाऱ्या उपट्या जातीच्या शेंगा तिथल्या तिथे उगवून मोकळ्या होतात. लवकर येण्याची ही किंमत.

कांद्याचं दुखणं याच जातीचं. उन्हाळी कांदा काढल्यावर काही महिने निजतो, तोवर चाळीत टिकतो. पावसाळा सरता सरता तो जागा होतो आणि कोंब काढतो. भाव चढतील म्हणून थांबलेल्या शेतकऱ्याची आणि कांद्याची शर्यत लागलेली असते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेला ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प 2002 मध्ये सुरू झाला तो मुळात कांद्यासाठी. कोबाल्टच्या किरणांतून कांदा काढला की त्याचा कोंब कायमचा थांबतो. एकीकडे आपण फडक्यात बांधून मोड यायची वाट बघतो आणि दुसरीकडे तो येऊ नये म्हणून अणुशास्त्र कामाला लावतो. मोड दोन्हीकडे तोच.

शरीरही या शब्दातून सुटलेलं नाही. मूळव्याधीलाही मोड येतात. आयुर्वेदानं त्यांना मांसांकुर म्हटलं आहे. म्हणजे संस्कृताचा ओसरीवरचा अंकुर इथे मोडाच्या पंगतीला येऊन बसला. एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या जाहिराती हा शब्द जेवढ्या ठळक अक्षरांत रंगवतात तेवढ्या ठळकपणे तो दुसरीकडे कुठेच छापला जात नाही. गंमत अशी, की शब्दाच्या बाकीच्या जागा आता एकेक करून जात आहेत. सुट्या पैशांची मोड क्यूआर कोडच्या चौकोनानं गिळली. मॉलमध्ये मोडांच्या डबीवर ‘स्प्राउट्स’ असं लिहिलेलं असतं आणि व्यायामशाळेतला मुलगा ती त्याच नावानं मागतो. असंच चाललं तर ‘मोड’ या शब्दाकडे भंगार, दुखणं आणि नासलेलं पीक एवढंच उरेल. त्याच्यावर हा अन्याय होईल, कारण मोड स्वतः शुभही नाही आणि अशुभही नाही. ऊब आणि ओल मिळाली की येणं एवढंच त्याला येतं. परडीत आला की आपण हात जोडतो, कणसात आला की कपाळाला हात लावतो. वेळ बघायचं काम त्याचं नव्हतं. ते झोपेचं होतं, आणि ती झोप आपणच मोडली.

त्या झोपेसाठी मराठीत गौरवाचा एक शब्द नाही. रुजणं, फुटणं, उगवणं, बहरणं, सगळं कौतुक जे वर येतं त्याचं. थांबून राहणाऱ्या दाण्याला आपण दिलेला शब्द एकच, गणंग, आणि तो शिवीच्या कामाचा. खरं म्हणजे मटकीच्या तळाशी सापडणारे ते टणक दाणे रानातला जुना वसा चालवत असतात. सगळे एकाच पावसाला भुलले तर उद्या पेरायला काही उरणार नाही, म्हणून काहींनी भुलायचं नसतं. कृषी विद्यापीठांतले पैदासकार आता मुगात आणि भुईमुगात दोन-तीन आठवड्यांची ही झोप परत आणायच्या खटपटीत आहेत, फार नको, काढणी निभावेल एवढीच. हे मी मामाला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली आणि म्हणाला, ‘म्हणजे गणंगच पाहिजे म्हणा की. मग त्या सायबांना म्हणावं, आमच्या सोयाबीनलाही थोडा आमच्या भाच्याचा गुण लावा.’